ठेंगण्या देवमाशाचं लाल पाणी

देवमाशावर पीएचडी केली म्हटलं की ब्रह्मपुरीत लोक आधी हसतात. मग कोणीतरी हमखास विचारतं, वैनगंगेत सापडतो का मॅडम? पहिली काही वर्षं मीही त्यांच्याबरोबर हसायचे. आता हसत नाही. माझा स्वभाव तापट आहे हे साऱ्या कॉलेजला ठाऊक आहे. चहा आणणारा शिपाईसुद्धा कप ठेवतो आणि तोंडाकडे न बघता निघून जातो. गेल्या वर्षभरात तर चिडचिड आणखी वाढली. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, जिना चढताना मध्येच थांबून दम खावा लागतो, आणि वर पोचल्यावर पोरं जर्नल विसरून आलेली दिसली की माझं डोकं फिरतं. तेव्हा हे सगळं मी रागातच लिहिते आहे, आधीच सांगून ठेवते.

राग देवमाशावर नाही. त्याच्याविषयी नीट सांगितलं तरच बाकीचं कळेल, म्हणून त्याच्यापासून सुरू करते.

माझा देवमासा म्हणजे चित्रातला, डोक्यातून कारंजं उडवणारा, बोटीएवढा, तो नव्हे. इंग्रजीत याला ड्वॉर्फ स्पर्म व्हेल म्हणतात; वर्गात मी ठेंगणा देवमासाच म्हणते. पूर्ण वाढलेला असला तरी बैलगाडीत मावेल एवढा. डोकं बोथट, खालचा जबडा लहान आणि मागे दबलेला, आणि डोळ्यामागे एक फिकट वाकडी रेघ. ती रेघ हुबेहूब मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कल्ल्यासारखी दिसते, त्यामुळे किनाऱ्यावरचे लोकसुद्धा त्याला मुशी समजतात. पण कल्ला वगैरे काही नाही. आत आपल्यासारखीच फुप्फुसं, गरम रक्त, पिल्लाला पाजायला दूध.

हा श्वास घ्यायला वर येतो तो इतक्या गुपचूप की शेजारी होडी असली तरी कळत नाही. फवारा दिसत नाही, उडी नाही, शेपटी वर काढून बुडी मारायचा थाट नाही. थोडा वेळ ओंडक्यासारखा पडून राहतो आणि आहे तिथेच खाली जातो. खाली म्हणजे जिथे उजेड पोचत नाही तिथे. तिथे माकुळं, म्हणजे स्क्विड, हुडकतो आणि तोंडात ओढून घेतो. अंधारात वाट काढायला तो बारीक टकटक आवाज करतो, पण तो आवाज इतका वरच्या पट्टीतला की आपल्या कानाला लागत नाही आणि त्याला खाणाऱ्या मोठ्या शिकारी देवमाशांच्याही कानाला लागत नाही. बोलायचं, पण खाणाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. वर्गात हे सांगताना आमच्या भागातल्या मुली माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, असा माझा अनुभव आहे.

आणि तरीही कोणी अंगावर आलाच, तर त्याच्याजवळ एक शेवटची युक्ती असते. आतड्याच्या टोकाशी एक पिशवी असते, तिच्यात गडद तांबडं-तपकिरी पाणी. घाबरला की तो ते सोडतो. सगळीकडे लाल गढूळ होतं आणि त्या गढुळातून तो निसटतो. दिसायला अगदी रक्त, पण रक्त नव्हे.

आता हे सगळं आम्हाला कळलं कसं? बहुतेक मेलेल्यांकडून. जिवंत ठेंगणा देवमासा नीट पाहिलेली माणसं फार थोडी. किनाऱ्याला लागलेली शरीरं फाडून, पोटातल्या माकुळांच्या चोची वेचून, दात कापून त्यातल्या रेघा मोजून आम्ही त्याची कुंडली मांडली. जिवंतपणी ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि मेल्यावर ज्याचं सगळं मोजून ठेवतात, असा हा प्राणी. हे वाक्य मी दर वर्षी वर्गात म्हणते आणि दर वर्षी माझा आवाज चढतो.

मी एटापल्लीच्या पलीकडची, माडिया घरातली. आश्रमशाळेत शिकले, शिष्यवृत्त्यांवर पुढे गेले आणि फिरत फिरत कोकणातल्या एका बंदरगावी संशोधनाला पोचले. तिथल्या सरांनी इतरांना कोळंबी दिली, बांगडा दिला, ज्यांना बाजार आहे असे विषय दिले. मला दिली किनाऱ्याला लागलेली मढी. कुजलेल्या मांसाचा वास कोणालाच नको होता. तुम्हा लोकांना वासाची सवय असेल, असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. मी त्या मढ्यांवरच पीएचडी करून दाखवली, पण ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

एकदा मात्र जिवंत लागला. मादी होती, सोबत पिल्लू. निरोप आला तेव्हा ओहोटी होती आणि आम्ही पोचेपर्यंत अख्खं गाव पुळणीवर लोटलं होतं. मुशी आहे, मुशी आहे, असं चाललेलं. चार-पाच जणांनी तिला ढकलून पाण्यात नेलं. ती जरा आत गेली आणि वळून परत आली. पुन्हा ढकललं, पुन्हा आली. आजारी देवमासा किनाऱ्याला लागतो कारण त्याच्यात पोहायचा जीव उरलेला नसतो; त्याला ढकलून देणं म्हणजे दुखणेकऱ्याला खाटेवरून उठवून शेतावर पाठवणं. सर ओरडून सांगत होते, पण ऐकतो कोण.

तेवढ्यात तिने लाल पाणी सोडलं.

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सगळा किनारा कळवळला. रक्त आलं, रक्त आलं, म्हणत बाया पुढे धावल्या. एकीने लुगड्याचा पदर टर्रकन फाडला, बांधायला. जखम कुठे आहे म्हणून लोक तिच्या अंगावरून हात फिरवू लागले, पोटाखाली चाचपू लागले. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. आणि जितके लोक जवळ जात तितकी ती अधिक घाबरून आणखी लाल पाणी सोडत होती. ज्या जनावराचं थेंबभर रक्त सांडलं नव्हतं, त्याची जखम शोधायला अख्खं गाव गुडघाभर पाण्यात उभं होतं.

दिवस कलला तेव्हा ती मेली, पाठोपाठ पिल्लू. आम्ही तिला फाडलं. पोटात माकुळांच्या चोची आणि घडी पडलेली एक प्लास्टिकची पिशवी. स्तनात दूध होतं, आणि गर्भाशयात दुसरं पिल्लू धरलेलं होतं. या जातीत असं असतं. एकाला पाजायचं आणि त्याच वेळी दुसरं पोटात वाढवायचं. मला त्या क्षणी माझी बाई आठवली. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. ती तेव्हा गावाकडे अगदी याच अवस्थेत होती.

त्या उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा मोहफुलं वेचून झाली होती आणि बाई अंगणात ती वाळत घालत होती. घरात आम्ही माडियातच बोलतो, पण मला शिकलेली म्हणून चिडवायचं असलं किंवा राग आला की बाई बाजारातल्या मराठीत येते. मी तिला देवमाशाची सगळी हकीकत सांगितली. तिने मन लावून ऐकली आणि मराठीत विचारलं, "त्याले जखम नव्हती, मंग एवढे लोकं काऊन जमले?"

लाल दिसलं म्हणून, मी म्हणाले.

बाई इतकी हसली की तिच्या हातातलं सूप हललं. "आपल्या इथी तं लाल दिसलं का माणसं दूर जातेत," ती म्हणाली.

तेव्हा मीही हसले होते. हसण्यासारखंच होतं ते, कारण आम्ही दोघी कुर्माघरात बसून मोठ्या झालो होतो. कुर्माघर म्हणजे गावाच्या कडेला बांधलेली झोपडी. पाळी आली की बायकांनी तिथे जायचं. घरात पाय ठेवायचा नाही, कोणाला शिवायचं नाही. जेवण घरचं कोणी आणून दुरून ठेवतं. पाळी संपली की अंघोळ करून घरी. खोटं कशाला बोलू, तिथे हसणंखिदळणंही असायचं. तेवढे दिवस चूल नाही, सासू नाही. बाया एकमेकींच्या उवा काढायच्या आणि नवऱ्यांच्या नकला करायच्या. पण पावसात छप्पर गळायचं, जमीन ओली, दाराला दार नाही, आणि साप निघाला तर ओरडायचं कोणाला हाही प्रश्नच. पुरुष तिकडे बघतसुद्धा नाहीत.

आणि सगळ्यात पक्का नेम असा की, विचारायचं नाही. आत गेलेल्या बाईला किती दिवस झाले हे कोणी विचारत नाही. नवरा नाही, सासू नाही, शेजारची बसलेली बाईसुद्धा नाही. ती अंघोळ करून परत दिसली की समजायचं, संपलं.

हे मी स्टाफरूममध्ये एकदा सांगितलं तर एक सहकारी बाई गालाला हात लावून म्हणाल्या, अगं बाई, अजून असं चालतं तुमच्याकडे? या बाई स्वतः टाइल्सच्या फ्लॅटमध्ये त्या दिवसांत वेगळी सतरंजी आणि वेगळं ताट घेऊन बसतात, आणि गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खातात. मला बोलायची संधी त्यांनी दिली होती आणि मी ती सोडली नाही. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. शहरातून फोटो काढायला येणाऱ्यांचाही मला तितकाच राग आहे. झोपडीचा फोटो काढतात, बाईचा चेहरा झाकतात, आणि परत जाऊन आमच्यावर हळहळतात.

बाईची पोरं मोठी झाली, चाळिशी उलटली, तसे तिचे कुर्माघरातले मुक्काम लांबत गेले. मला हे कळायचं कारण नव्हतं. फोनला तिकडे रेंज नाही आणि अशी गोष्ट फोनवर कोण बोलणार. गावाला मात्र दिसत होतं. ती आत जायची, जरा थांबलं की अंघोळ करून बाहेर यायची, शेतात राबायची, पुन्हा आत जायची. आणि गावाने याचा अर्थ काय लावला? बाई फार नेमाची आहे. थोडंसुद्धा असलं तरी घर बाटवत नाही, लगेच कुर्माघर गाठते. तिचं कौतुक व्हायचं. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, साधा भला माणूस. ती आत असली की स्वतः भात शिजवायचा, नेऊन दुरून ठेवायचा, आणि आपण बायकोचा नेम मोडू देत नाही याचा त्याला अभिमान होता. त्याने विचारलं नाही. विचारणं त्याच्या लेखी पापच होतं.

धान चुरणं, म्हणजे मळणी, चालू असताना, हिवाळ्याच्या तोंडाला, मी सुटी काढून गेले. एटापल्लीपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि जीप जिथे टाकते तिथून पायी. दुपारी पोचले. भाऊजी खळ्यावर होता. बाई कुठे आहे विचारलं तर त्याने हनुवटीने कुर्माघराकडे खूण केली आणि पुन्हा कामाला लागला.

आत आणखी दोघी बसल्या होत्या. बाई भिंतीला टेकून होती. तिने हात वर केला तेव्हा मला तळवा दिसला. तो तळवा माणसाचा वाटत नव्हता. तांदळाच्या पिठासारखा पांढरा होता. ओठ तसेच, नखं तशीच. "आली का तू," एवढंच म्हणून ती पुन्हा टेकली, कारण एवढ्याने तिला धाप लागली होती.

मी नेम मोडला. किती दिवस झाले, मी विचारलं. त्या दोघींनी माना फिरवल्या. बाईने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "होते तसं." मी पुन्हा विचारलं. मग मी तिच्यावर ओरडले, इतक्या मोठ्याने की खळ्यावरचं काम थांबलं असावं. तेव्हा ती हळूच म्हणाली, "रोवण्यापासून."

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, पावसाळ्यात होतो. खळ्यावर धान आलं होतं.

गाडीच्या रस्त्यापर्यंत तिला खाटेवर न्यावं लागणार होतं. मी खळ्यावर गेले आणि चार माणसं मागितली. कोणी हललं नाही. ती वाईट माणसं नव्हती, हेच तर माझ्या रागाचं मूळ आहे. वाईट असती तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. पण खळ्यावर धान होतं, त्याची पूजा व्हायची होती, कुर्माघरातल्या बाईला हात लावून त्या धानाला कोण शिवणार? एकजण म्हणाला, अंघोळ होऊ द्या तिची, मग नेऊ. रक्त थांबल्याशिवाय अंघोळ नाही आणि अंघोळीशिवाय दवाखाना नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी खाट कोणी उचलली? आत बसलेल्या त्याच दोघींनी. त्यांना बाटायचं काही शिल्लक नव्हतं, त्या आधीच आत होत्या. पुढचं टोक मी धरलं, मागचं त्या दोघींनी. बाई इतकी हलकी झाली होती की खाटेचंच ओझं जास्त वाटत होतं. भाऊजी आमच्या पुढे चालत होता. वाटेतल्या फांद्या बाजूला करत होता, दगड सांगत होता, आणि रडत होता. रडत होता, पण हात लावत नव्हता.

गडचिरोलीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने बाईच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, रक्ताचा रिपोर्ट बघितला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली की एवढ्या रक्तावर माणूस उभं राहत नाही, ह्या धान कापत होत्या? मला उत्तर ठाऊक होतं. मी ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. खोल बुडी मारणारा देवमासा जवळचा प्राणवायू पुरवून पुरवून वापरतो. ठोके मंद करतो, अंगाच्या कडेचं रक्त आवळून घेतो, हृदय आणि मेंदू तेवढे चालू ठेवतो. बाईच्या शरीरानेही हळूहळू असंच काहीतरी शिकून घेतलं होतं. फरक एवढाच की देवमासा वर येतो. बाईला वर यायला कोणी जागाच ठेवली नव्हती.

रक्त द्यायला कोण आहे, असं डॉक्टरणीने विचारायचा अवकाश, भाऊजीने बाही वर केली. गटही जुळला. बायकोच्या खाटेला ज्याने बोट लावलं नाही, त्याच माणसाचं रक्त तिच्या अंगात थेंब थेंब जात होतं आणि तो शेजारी उभा राहून बाटलीकडे बघत होता. मला राहवलं नाही. हे रक्त चालतं का तुला, मी विचारलं. तो गोंधळला. बराच विचार करून म्हणाला, "हे तं हाताचं व्हय ना." त्याला थट्टा करायची नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि रागाने रडले.

गर्भाशय काढलं. बेलफळाएवढी गाठ होती. बाई वाचली.

पण समुद्रकाठची ती दुपार माझ्या डोक्यातून जाईना. तिकडे न सांडलेल्या रक्तासाठी पदर फाटले. इकडे रोवण्यापासून खळ्यापर्यंत एक बाई खरोखर रक्त सांडत राहिली, गावाच्या डोळ्यांदेखत, आणि गावाने तिला नेमाची म्हटलं. देवमासा लाल पाण्याआड लपून जीव वाचवतो. आमच्या बाया लपतात आणि जीव गमावतात. हे मी वर्गात बोलले तेव्हा मागच्या बाकावरचे दोघे खुसखुसले. त्यांना मी वर्गाबाहेर काढलं आणि तास संपेपर्यंत आत घेतलं नाही.

यंदा हिवाळ्यात गावी नवं कुर्माघर झालं. कोणत्यातरी संस्थेने बांधून दिलं. सिमेंटच्या भिंती, फरशी, संडास, सौर दिवा, दाराला दार. उद्घाटनाला मला बोलावलं, गावची शिकलेली मुलगी म्हणून. जावं की न जावं यावर मी बरेच दिवस धुमसत होते. मला ते घर म्हणजे किनाऱ्याला लागलेल्या मादीला नीट, प्रेमाने, मऊ हातांनी परत पाण्यात ढकलणं वाटत होतं. मग ठरवलं की जायचं आणि हेच सगळ्यांच्या तोंडावर बोलायचं. गडद मरून साडी नेसले. हल्ली मी गडदच नेसते. जीपमधून उतरून गावापर्यंत चालताना दोनदा झाडाखाली बसावं लागलं, आणि त्याचाही राग मी रस्ता न करणाऱ्यांवर काढला.

मंडप होता, खुर्च्या होत्या, पाहुणे होते. दाराला लाल फीत. बाई नव्या घराच्या ओट्यावर बसून होती. ऑपरेशननंतर ती भरली होती, तोंडावर रंग आला होता. तिला आता कुर्माघराशी काही देणंघेणं नाही, पण ती रोज तिथे जाते हे मला भाऊजीने वाटेतच सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली. कारण तिथे जाऊन ती जे करते त्याची सगळ्या गावाला लाज वाटते. ओट्यावर बसून ती आतल्या एकेकीला विचारते, किती दिस झाले? हळू नाही, खळ्यापर्यंत ऐकू जाईल असं. आणि मराठीत, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही कळावं. पहिल्यांदा बाया आत पळाल्या, सासवा भांडायला आल्या, गावात बैठक बसली. बाई गप्प बसली नाही. आता पोरी आतूनच ओरडून उत्तर देतात आणि पुरुष तेवढ्यापुरते दुसऱ्या वाटेने जातात.

मी तिच्याशेजारी बसले आणि घरावरचा माझा राग तिच्यापुढे काढला. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "पाणी गळत नाई, साप येत नाई. चांगलंच झालं. घर मोडाचं तं मोड मंग, पण आधी विचारू तं लाग." मग मी तिला मी काय बोलणार आहे ते सांगू लागले. किनारा, मादी, लाल पाणी, शोधलेली जखम. माझं मध्येच अडलं, श्वास पुरेना, म्हणून मी थांबले.

बाई माझ्याकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, मांडीवर ठेवलेल्या हातांकडे.

"तुले किती दिस झाले?" तिने विचारलं. त्याच आवाजात, खळ्यापर्यंत जाणाऱ्या. मंडपातल्या खुर्च्या वळल्या. संस्थेचे पाहुणे होते, भाऊजी होता, जीपवाला होता. मी प्रजनन संस्था फळ्यावर काढून शिकवते. या विषयावर मी स्टाफरूम गाजवली आहे. माझ्या तोंडून निघालं, "होते तसं."

आणि मी भिंतीकडे बघितलं. भिंत नवी होती, रंगाचा वास येत होता.

"समुद्राचं नंतर सांग," बाई म्हणाली. तिने माझा हात ओढून घेतला आणि तळवा उन्हात धरला. अंगठ्याने दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला. तिने पुन्हा विचारलं नाही, तिला विचारायची गरज उरली नव्हती. मग ती उठली आणि भर मंडपात, फीत कापायच्या आधी, जीपवाल्याला हाक मारून मराठीत म्हणाली, "गाडी इकडं लाव भाऊ. गडचिरोलीले जाचं हाय."